पिक्चर ट्यूबची चुलत बहीण

सुरुवातीलाच एक इशारा देते. हा लेख माझ्या टी.ई. सेमिनारवर आहे. "अरे देवा, आता मासिकात पण सबमिशन?" असं म्हणून पान उलटायच्या आधी जरा थांबा. यात फॉर्म्युला एकच आहे आणि तोही साध्या गुणाकाराचा. बाकी यात सूर्यग्रहण आहे, विजयदुर्ग किल्ला आहे, सत्तर वर्षं शास्त्रज्ञांना चकवणारं एक मूलद्रव्य आहे आणि कणकवलीचं एक टीव्ही रिपेअरिंगचं दुकान आहे.

दुसरा इशारा माझ्या मराठीबद्दल. मी कॉन्व्हेंटची. घरी मालवणी, शाळेत इंग्लिश आणि पुस्तकातलं मराठी आठवड्यातून फक्त चार तास! त्यामुळे 'हायली चार्ज्ड आयन'ला 'उच्च प्रभारित आयन' म्हणतात हे मला मराठी विभागाच्या संपादिकेनं सांगितलं. पण लेखभर ते लिहिलं तर वाचणारे दमतील आणि मी त्यांच्या आधी दमेन. म्हणून मी त्याला सरळ 'सोललेला आयन' म्हणणार आहे. कोकणातल्या माणसाला सोलणं लगेच कळतं.

तर विषय असा. एखाद्या अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन एकेक करून काढत जायचे. किती काढायचे? जमलं तर सगळेच!

पहिला इलेक्ट्रॉन फारसा त्रास देत नाही. लोखंडाचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ७.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते. पण लोखंडाकडे असे २६ इलेक्ट्रॉन असतात, आणि एकेक निघून जातो तशी उरलेल्यांवरची केंद्रकाची पकड घट्ट होत जाते. शेवटच्या, सव्विसाव्या इलेक्ट्रॉनला काढायला सुमारे ९,३०० इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. म्हणजे पहिल्याच्या हजारपटीहून जास्त. युरेनियमकडे ९२ इलेक्ट्रॉन. त्यातल्या शेवटच्यासाठी तर सुमारे १ लाख ३२ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट!

"पण एवढी सोलासोली कशाला?" हा प्रश्न मला रूममेटपासून एक्स्टर्नलपर्यंत सगळ्यांनी विचारला. त्याचं उत्तर द्यायला १८६८ सालात जावं लागतं.

१८ ऑगस्ट १८६८ ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. विजयदुर्गावर आजही 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि याच ग्रहणासाठी ते बांधले असं सांगतात. आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती तेव्हा आम्हाला त्या ओट्यांपेक्षा डबे कधी उघडायचे यात जास्त रस होता. असो! फ्रान्सचे जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या प्रकाशात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून लॉकियर यांनीही त्या ज्वाळांचा प्रकाश तपासला. त्यातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. तेव्हा हे नवंच मूलद्रव्य असणार असं म्हणून त्याला हेलियम नाव दिलं, आणि १८९५ मध्ये रॅम्से यांना ते खरोखरच पृथ्वीवर सापडलं. शाब्बास!

आता पुढची गोष्ट ऐका. पुढच्याच वर्षी, ७ ऑगस्ट १८६९ ला अमेरिकेत ग्रहण झालं. तिथे यंग आणि हार्कनेस या दोघांना सूर्याच्या कोरोनात एक हिरवी रेषा दिसली. तरंगलांबी सुमारे ५३० नॅनोमीटर. हीसुद्धा कशाशीच जुळेना. हेलियमचा अनुभव ताजा होता, मग काय, हेही नवं मूलद्रव्य! नाव ठेवलं 'कोरोनियम'. मेंडेलीव्हसारख्या माणसानंसुद्धा आवर्तसारणीत हायड्रोजनच्याही आधी त्याला जागा देऊ केली होती.

पण कोरोनियम कुठे सापडेना. आवर्तसारणी भरत गेली, रिकामे चौकोन संपत आले, तरी याला बसायला जागा नाही. मधे १९२० मध्ये आपल्या मेघनाद साहांनी दाखवून दिलं की ताऱ्याच्या प्रकाशात कुठल्या रेषा दिसतील हे तिथल्या तापमानावर आणि दाबावर ठरतं, कारण त्यांच्यावर अणूचे किती इलेक्ट्रॉन सुटतील हे अवलंबून असतं. शेवटी १९३९ मध्ये जर्मनीच्या ग्रोट्रियन यांना कोरोनाच्या रेषांचा सुगावा लागला आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत स्वीडनच्या एडलेन यांनी तो पक्का केला. ती हिरवी रेषा होती लोखंडाची. आपल्या खिळ्यांच्या, तव्याच्या, एस.टी.च्या पत्र्याच्या लोखंडाची! फक्त त्या लोखंडाचे २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गेलेले होते. बरोबर अर्धे. आणि इतके जायचे म्हणजे कोरोनाचं तापमान दहा लाख अंशांच्या वर असलं पाहिजे, हेही त्यातूनच कळलं.

मला या गोष्टीनं पकडून ठेवलं. लोखंडाइतकं ओळखीचं मूलद्रव्य, पण त्याचे अर्धे इलेक्ट्रॉन गेले तर जगातल्या हुशार माणसांना सत्तर वर्षं त्याची ओळख पटली नाही.

मग इंजिनिअरनं काय करायचं? सूर्यावर जाता येत नाही. तेव्हा तसं लोखंड लॅबमध्ये करायचं आणि त्याचा प्रकाश निवांत बसून मोजायचा. सोपा उपाय म्हणजे अणूवर वेगवान इलेक्ट्रॉनचा मारा करायचा. आलेला इलेक्ट्रॉन आतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का मारून बाहेर काढतो. अडचण अशी की अणू अतिशय लहान. नेम लागायची शक्यता कमी, आणि एकदा लागला तरी एकच इलेक्ट्रॉन निघतो. पुढच्या धक्क्यापर्यंत तो आयन भिंतीला जाऊन चिकटलेला असतो. खेळ खलास!

यावरचा उपाय म्हणजे आयनला जाऊच द्यायचं नाही. रशियातल्या दुब्ना इथे दोनेत्स यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी इलेक्ट्रॉनच्या झोतातच आयन धरून ठेवणारा आयन स्रोत तयार केला. मग १९८६ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेव्हिन आणि मार्स यांनी त्याचं एक आखूड, आटोपशीर रूप केलं. त्याचं नाव इलेक्ट्रॉन बीम आयन ट्रॅप, लाडानं 'ईबिट'. यात आयन जिथे अडकतात ती जागा जेमतेम २ सेंटिमीटर लांब असते. आपल्या खोडरबरापेक्षाही लहान.

रचना अशी. एका टोकाला इलेक्ट्रॉन गन. मधे तीन नळ्या, एकामागे एक. दुसऱ्या टोकाला झोत गोळा करणारा कलेक्टर. मधल्या भागाभोवती सुपरकंडक्टिंग मॅग्नेट, सुमारे ३ टेस्लाचं. त्या मॅग्नेटमुळे झोत आवळला जाऊन साधारण ७० मायक्रॉन जाडीचा होतो, म्हणजे आपल्या केसाएवढा. आणि त्यातून करंट जातो सुमारे १५० मिलिअँपिअर.

"हॅ, दीडशे मिलिअँपिअर? एवढं तर मोबाईल पण घेतो!" असं मीही आधी म्हटलं होतं. मग कॅल्क्युलेटर घेतला. १५० मिलिअँपिअर भागिले ७० मायक्रॉन व्यासाचं क्षेत्रफळ. उत्तर येतं दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ हजार अँपिअर! घराच्या वायरिंगमध्ये १ चौरस मिलिमीटरच्या तांब्यातून आपण दहा-बारा अँपिअरच्या वर जात नाही, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला हजार-बाराशे. इथे तांबं नाही, तार नाही, नुसत्या पोकळीतून त्याच्या तिप्पट-चौपट दाटीनं इलेक्ट्रॉन धावतायत.

आता गंमत अशी की झोत ऋण आणि आयन धन. त्यामुळे आयन आपोआप झोताकडे ओढला जातो आणि आडवा पळू शकत नाही. उभा पळू नये म्हणून टोकांच्या दोन नळ्यांना मधल्या नळीपेक्षा जास्त धन व्होल्टेज देतात. झाला सापळा तयार! ज्या झोतानं सोलायचं त्याच झोतानं धरून ठेवायचं. जेवढे जास्त इलेक्ट्रॉन निघतात तेवढा आयनचा धन प्रभार वाढतो आणि तेवढा तो जास्त घट्ट अडकतो.

आता तो कबूल केलेला एकच फॉर्म्युला. सोलणं किती होईल? ऊर्जा पुरेशी असली तर ते ठरतं करंट डेन्सिटी गुणिले वेळ यावर. दाटी कमी असेल तर वेळ जास्त द्या, वेळ कमी असेल तर दाटी वाढवा. बस्स.

धक्के खाऊन आयन तापतात आणि सापळ्याच्या बाहेर उड्या मारू बघतात. त्यावरचा उपाय माठासारखा आहे. माठातलं सगळ्यात चपळ पाणी वाफ होऊन जातं आणि मागे राहिलेलं गार होतं. इथे निऑनसारखा हलका वायू थोडासा सोडतात. त्याच्या आयनचा प्रभार कमी, म्हणून त्यांच्यासाठी सापळा उथळ. ते उष्णता घेऊन निघून जातात आणि जड आयन गार होऊन आत राहतात. याच पद्धतीनं १९९४ मध्ये लिव्हरमोरच्या 'सुपर-ईबिट'मध्ये जवळपास २०० किलोव्होल्टच्या झोतानं युरेनियमचे सगळेच्या सगळे ९२ इलेक्ट्रॉन काढून दाखवले. त्याआधी हे काम मोठ्या अॅक्सिलरेटरवर युरेनियमचे आयन पातळ पत्र्यातून भरधाव सोडून करावं लागे.

एवढं वाचून मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले.

आमच्या बाबांचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान. १९९६ पासूनचं. शाळा सुटली की मी तिथेच बसून होमवर्क करायची. पिक्चर ट्यूबच्या मागच्या निमुळत्या गळ्यात हीटर नारिंगी पेटला की बाबा म्हणायचे, "लागलो बघ दिवो." मला वाटायचं सगळ्या टीव्हीच्या आत एक पणती असते.

२०१२-१३ नंतर सपाट टीव्ही आले आणि ट्यूबचं काम आटत गेलं. आता पॅनल गेलं की टीव्ही गेला, रिपेअर करण्यासारखं त्यात फार उरत नाही. बाबा बॅकलाईटच्या पट्ट्या बदलतात, मिक्सर दुरुस्त करतात, डिशची छत्री फिरवून देतात. या दिवाळीत ते गाळा सोडायच्या विचारात होते. माळ्यावर अकरा पिक्चर ट्यूब, दोन टेस्टर आणि कॉईलचे डबे. "सगळा भंगारवाल्याक देऊन टाकतंय. माका कोण इचारतलो आता?" असं ते आईला म्हणाले. रागानं नाही, हिशेब सांगावा तसं.

मी विषय बदलायला म्हणून त्यांना सेमिनारच्या स्लाईड दाखवल्या. आता प्रश्न आला भाषेचा. मी सगळं इंग्लिशमध्ये शिकलेली. 'थर्मिऑनिक एमिशन' मराठीत कसं सांगायचं म्हणून मी अडखळले, तर बाबाच म्हणाले, "म्हणजे इमिशन ना? ट्यूब डाऊन झाली म्हणजे इमिशन गेला." मग मी गन दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. "ह्या तर आमच्या पिक्चर ट्यूबचाच काम गो!"

आणि खरंच होतं! तीच गन. पिक्चर ट्यूबच्या कॅथोडवर बेरियमचा लेप असतो, ईबिटच्या कॅथोडमध्येही टंगस्टनच्या पोटात बेरियम भरलेलं असतं. कॅथोडजवळचं चुंबकीय क्षेत्र शून्य करायला ईबिटमध्ये वेगळी कॉईल लावतात, नाहीतर झोत नीट आवळला जात नाही, असं मी सांगितलं. तर बाबांनी कपाटावरून डिगॉसिंग कॉईल काढून दाखवली. रंगीत टीव्हीत कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग आले की हीच फिरवायची, नको असलेलं मॅग्नेटिझम घालवायला.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो वर्गात कुणीच विचारला नव्हता. "व्हॅक्युम किती ठेवतत?"

ईबिटचं मर्म तिथेच आहे. सोललेला आयन म्हणजे इलेक्ट्रॉनचा भुकेला. हवेचा एखादा साधा रेणू जवळून गेला तरी तो त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि आपली सगळी मेहनत वाया. म्हणून आतला दाब १० चा उणे दहावा घात टॉर किंवा त्याहूनही कमी ठेवावा लागतो. बाहेरची हवा ७६० टॉर, यावरून अंदाज करा. आतल्या भिंती द्रव हेलियमनं इतक्या थंड केलेल्या असतात की उरलासुरला वायू त्यांच्यावर गोठून बसतो.

"म्हणजे गेटर," बाबा म्हणाले. पिक्चर ट्यूबच्या गळ्यात काचेवर आतून चंदेरी लेप असतो. तो बेरियमचा. उरलेली हवा तो खाऊन टाकतो. हवा आत शिरली की तो पांढरा पडतो आणि ट्यूब 'गॅसी' होते. गळ्यात निळसर उजेड दिसतो, आतल्या वायूचे आयन कॅथोडवर आपटून त्याला खराब करतात. "गॅसी ट्यूब म्हणजे मेलेली ट्यूब," हे वाक्य मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

रात्री आम्ही दोघांनी मिळून एक हिशेब केला. २१ इंची रंगीत टीव्हीचा ईएचटी साधारण २५ किलोव्होल्ट. म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनकडे २५ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. लोखंडाचा शेवटचा इलेक्ट्रॉन काढायला लागतात ९,३००. म्हणजे कणकवलीतल्या घराघरात, चित्रहार आणि क्रिकेट बघताना, लोखंडाला पूर्ण सोलायला पुरेल एवढी ऊर्जा प्रत्येक इलेक्ट्रॉनकडे होती, अडीचपट होती! कमी काय होतं? दाटी आणि वेळ. ट्यूबमधला करंट मिलिअँपिअरच्या आसपास, आणि इलेक्ट्रॉन स्क्रीनवर एकदा आपटून संपायचा. आयनला धरून ठेवायची सोय नव्हती.

बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "एक गन काढून देतंय. नेऊन दाखव पोरांका."

पिक्चर ट्यूब फोडणं हे धोक्याचं काम आहे बरं का, कुणी घरी करू नका. आत व्हॅक्युम असल्यामुळे काच आतल्या बाजूला फुटते आणि मग उडते. बाबांनी आधी गळ्याच्या टोकाची बारीक काचेची नळी पक्कडनं मोडली. 'स्स्स' असा आवाज करत हवा आत गेली. चंदेरी गेटर आमच्या डोळ्यांसमोर पांढरा होत गेला. मग गळा कापून गन काढली, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळली आणि माझ्या सॅकमध्ये चकल्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

सेमिनारला मी ती गन वर्गात फिरवली. आमच्या बॅचमधल्या निम्म्यांनी पिक्चर ट्यूब आतून कधी पाहिलीच नव्हती. प्रश्नोत्तरात अपेक्षेप्रमाणे तोच प्रश्न आला. "पण याचा उपयोग काय?"

मी चार उपयोग सांगितले, तुम्हालाही सांगते.

एक, फ्रान्समध्ये बांधकाम चालू असलेला ईटेर हा फ्यूजनचा प्रकल्प, ज्यात भारतही भागीदार आहे. तिथे प्लाझ्माचा मार खाणाऱ्या भागासाठी टंगस्टन निवडलंय. त्याचे काही अणू प्लाझ्मात शिरणारच. टंगस्टनकडे ७४ इलेक्ट्रॉन. तिथल्या तापमानालाही ते सगळे निघत नाहीत, आणि उरलेले इलेक्ट्रॉन प्रकाश टाकून प्लाझ्मा थंड करतात. किती टंगस्टन शिरलंय हे त्या प्रकाशावरूनच ओळखायचं, आणि कुठली रेषा कुठल्या आयनची हे ईबिटमध्ये मोजून ठेवायचं.

दोन, तुमच्या नव्या फोनमधली चिप. सगळ्यात बारीक रेघा आखायला १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. तो मिळतो कथिलापासून. एएसएमएल कंपनीच्या मशीनमध्ये वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे ५० हजार वेळा लेसर मारतात आणि ८ ते १४ इलेक्ट्रॉन गेलेले कथिलाचे आयन तो प्रकाश देतात. त्या आयनचाही अभ्यास ईबिटमध्ये झालेला आहे.

तीन, घड्याळ. सोललेल्या आयनचे उरलेले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरलेले असतात की बाहेरच्या विद्युत-चुंबकीय गडबडीचा त्यांच्यावर फार कमी परिणाम होतो. २०२२ मध्ये जर्मनीच्या पीटीबी या मानक संस्थेनं १३ इलेक्ट्रॉन काढलेल्या अरगॉनवर चालणारं प्रकाशीय अणुघड्याळ जाहीर केलं. ते आयन तयार झाले छोट्या ईबिटमध्ये.

चौथा उपयोग मला सगळ्यात आवडतो. २०१४ मध्ये दूरच्या दीर्घिकासमूहांच्या क्ष-किरणांत सुमारे ३.५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला एक रेषा दिसली. कशाशीच जुळेना. काहींनी लगेच म्हटलं, हा डार्क मॅटरचा पुरावा! ओळखीचं वाटतंय ना? २०१६ मध्ये हायडेलबर्गच्या ईबिटमध्ये गंधकाचे सगळे १६ इलेक्ट्रॉन काढले आणि त्या आयनला साध्या वायूकडून इलेक्ट्रॉन घेऊ दिले, तर नेमका त्याच सुमारास प्रकाश मिळाला. म्हणजे 'नवीन कण' म्हणायच्या आधी साध्या गंधकाचा हिशेब द्यायला लागतो. कोरोनियम पुन्हा एकदा दारात येऊन उभं होतं, पण या वेळी ओळखपरेड करायला आपल्याकडे मशीन होतं.

सेमिनार संपल्यावर सगळे चहाला गेले. आमचे लॅब असिस्टंट काका मात्र ती गन हातात घेऊन उभे होते. "ही कुणी कापली? एकदम क्लीन कापली आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, बाबांनी. मग म्हणाले, "आपल्याकडे सहा सीआरओ बंद पडलेत. राईट-ऑफ करणार आहेत. विचारून बघ."

जानेवारीत बाबा दोन दिवसांसाठी कॉलेजला आले. विभागाचं रीतसर पत्र होतं, मानधनही होतं. सहापैकी चार सीआरओ चालू झाले. दोघांच्या ट्यूब गेल्या होत्या, त्यांना हात न लावता बाबांनी सांगितलं, "हे गॅसी." काकांनी गळ्यात डोकावून बघितलं. गेटर पांढरा.

यानंतर बाबांचं दुकान जोरात चालू लागलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. मार्चमध्ये त्यांनी गाळा सोडला. आता घराच्या पडवीत टेबल टाकून काम करतात. ट्यूब भंगारात गेल्या, टेस्टर मात्र त्यांनी ठेवलाय.

हॉस्टेलमध्ये रात्री आम्ही मुली बोलतो तेव्हा फिरून फिरून एकच भीती बाहेर येते. आज जे शिकतोय ते एआय पाच वर्षांत भंगारात काढणार असेल तर शिकायचं कशाला? प्लेसमेंटचा सीझन आला की ही भीती मेसच्या आमटीसारखी रोज ताटात येते. मलाही वाटते. मी काही शहाणपण सांगणार नाही, माझ्याकडे ते नाही. फक्त सेमिनारच्या निमित्तानं कळलेली एक गोष्ट सांगते.

लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन काढा, तेरा काढा, सगळे सव्वीस काढा. त्याचा रंग बदलतो, प्रकाश बदलतो, कुणाला ओळखू येत नाही, लोक त्याला दुसरंच नाव ठेवतात. पण केंद्रकातले प्रोटॉन सव्वीसच राहतात. लोखंड म्हणजे ते सव्वीस. बाबांकडून एकेक करत ब्लॅक अँड व्हाईट गेला, रंगीत टीव्ही गेला, गाळा गेला. पण हवा कुठे शिरली, झोत का फाटला, इमिशन का गेलं हे ओळखणारी नजर आहे तशीच आहे, आणि ती हायडेलबर्गच्या मशीनपुढेही चालेल याबद्दल मला शंका नाही. प्रश्न फक्त तिला कुणी विचारण्याचा आहे. आणि तो विचारणाऱ्यांमध्ये आपण इंजिनिअर येतो. तुमच्या गावातही रेडिओवाले काका असतील, मोटर रिवाइंडिंगवाले असतील, आमच्या देवगडकडचे बोटींच्या इंजिनांचे मिस्त्री आहेत. पुढच्या सुट्टीत तुमचा सेमिनारचा विषय त्यांना एकदा समजावून बघा. मराठीत सांगताना अडखळाल तिथे ते शब्द पुरवतील.

आणि हो, आमच्या विभागात कधी आलात तर खिडकीजवळच्या टेबलावरचा सीआरओ चालू करून बघा. मिनिटभरानं स्क्रीनवर हिरवा ठिपका येतो. कोरोनाच्या त्या रेषेच्या जवळपासचाच हिरवा. फक्त ब्राइटनेस कमी ठेवा आणि ठिपका एका जागी फार वेळ राहू देऊ नका, स्क्रीन जळते. तशी चिठ्ठी बाबांनी त्यावर चिकटवली आहे.